वांग्यांतून गेलेली रेघ

विमलबाई बादली घेऊन मागच्या अंगणात आली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पहिली बादली मिरच्यांना, दुसरी वांग्यांना, मग न्हाणीचं उरलेलं पाणी सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, हा तिचा नऊ वर्षांचा क्रम. दुसरी बादली ओतायला ती वाकली आणि वाकलेलीच थांबली. वांग्यांच्या वाफ्यातून एक पांढरी रेघ गेली होती.

तिनं बोटानं टिपून पाहिली. चुन्याची फक्की होती. ती रेघेच्या कडेकडेनं चालत गेली. काट्यांच्या कुंपणापासून निघालेली रेघ वांग्यांतून आणि सांभाराच्या कोवळ्या रोपांवरून पपईपर्यंत गेली होती. तिथं एक खुंटी ठोकलेली होती. खुंटीपाशी रेघ काटकोनात वळली होती आणि मोगऱ्याला खेटून घराच्या भिंतीला येऊन मिळाली होती. मधोमध आणखी एक आडवी रेघ होती. दोन खोल्या. तिचा धाकटा दीर देवमन शाळेत खो-खोचं मैदान आखायचा, तसंच हे नेटकं काम होतं.

काल वैशाखी पौर्णिमा होती. विमलबाई बायकांबरोबर दिवेलागणीपर्यंत विहारात होती. तेवढ्या वेळात हे झालं असणार.

देवमन नऊ वर्षं मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर मास्तर होता. यंदा, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, त्याची बदली आपल्याच गावच्या, कामरगावच्या शाळेत झाली होती. शाळा उघडायच्या आत बायको आणि तीन लेकरं घेऊन तो कायमचा घरी येणार होता, आणि घरात जागा नव्हती. दोन खोल्या काढाव्या लागतील, हे पंधरा दिवस सगळेच म्हणत होते. कुठं काढायच्या, हे विमलबाईनं नवऱ्याला एकदा विचारलं होतं. पंजाबराव 'पाहू' म्हणाला होता.

ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा मागं नुसता मुरूम आणि फुटक्या कौलांचा ढीग होता. पहिली दोन वर्षं तिनं दगडच वेचले. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा शेजारच्या दोन घरांचं न्हाणीचं पाणी मागून आणून तिनं मिरची जगवली होती. त्या वर्षी अख्ख्या आळीनं तिच्या हातची मिरची खाल्ली.

तिनं रेघ पुसली नाही. दुसरी बादली वांग्यांना ओतली, तशी तेवढ्या भागातली फक्की आपोआप मातीत गेली. मग ती घराच्या उत्तर बाजूला गेली, थोडा वेळ तिथं होती, आणि परत येऊन टोपली घेऊन वांगी तोडायला लागली.

पंजाबराव दात घासत मागच्या दारात आला. "रोडग्याले वांगे लहान पाह्यजे," तो म्हणाला. "लहानच तोडजो."

"लहानच तोडून राह्यली."

त्याची नजर रेघेवर गेली आणि तिथून लगेच आभाळाकडे. "ते देवमननं काल आखलं."

"दिसलं."

"वापस आल्यावर बोलू आपुन."

"हो, बोलू," विमलबाई म्हणाली आणि तिनं पपईखालचं शेवटचं वांगं तोडून टोपलीत टाकलं.

* * *

दरवर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हे घर बंडी जुंपून नदीच्या डोहावर गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी करायला जायचं. ही रीत विमलबाईच्या सासऱ्यांनी, म्हाताऱ्या जानरावांनी घातली होती. जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखलेल्या माणसाला स्वतःची बंडी झाली, तेव्हा त्यांनी तिच्यातून पहिल्यांदा धान्य नाही, बायको-लेकरं नेली होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी रीत चालू होती.

बंडीत पुढं जानराव आणि हाकायला पंजाबराव बसला होता. मागं पाच लेकरं, कणकेचा डबा, तुपाची बरणी, ताकाचा गडू आणि दोघी जावा. देवमन सायकलवर पुढं निघून गेला होता. लेकरांनी बंडी गावाबाहेर पडायच्या आतच शेंगदाण्याचा पुडा संपवला आणि आता कोण आधी नदी पाहतं यावर त्यांची पैज लागली होती.

वच्छला, देवमनची बायको, जावेच्या शेजारी गोवऱ्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. तिला बंडीत बसायला आवडायचं. तांड्यावर ती सगळीकडे पायी जायची. तिथल्या एका खोलीत तिनं तुपाच्या रिकाम्या डब्यांमध्ये मिरची आणि पुदिना लावला होता, आणि बकऱ्या ते दर महिन्याला खाऊन जायच्या. सुट्टीत इथं आली की ती सकाळी मागच्या अंगणात नुसती उभी राहायची. कालही ती उभी राहिली होती, पण देवमन दोरी धरून मापं घेत होता, आणि तिला बरं वाटलं नव्हतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमी इतका सहज होकार कसा देल्ला? मी असती तं देल्ला नसता."

"कायचा होकार?"

"खोल्याचा. मांगच्या अंगनातल्या."

विमलबाई वांगी टोपलीत नीट रचत होती. ती थांबली नाही. "मले कोणी विचारलंच नाई वच्छला. मी होकार कुठून देऊ?"

"याईनं तं मले सांगतलं. वयनीले विचारलं म्हने, त्या हो म्हनल्या."

"देवमन भाऊजीनं तुह्या जेठाले विचारलं असन. त्याईले वाटलं असन का तेच माह्यं उत्तर हाये."

बंडी नाल्यात उतरली तशा दोघींनी लेकरांना धरलं. वर चढल्यावर वच्छलानं बराच वेळ जावेकडे पाहिलं. विमलबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात जाताना काय आणायचं ते मनात मोजणाऱ्या बाईचा असतो, तसा तिचा चेहरा होता.

"मंग आता तुमी काय करान?" वच्छलानं विचारलं.

"पयले रोडगे करू. उपाशी मानसं नीट आयकत नाईत."

वच्छलाला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. नवरा आपल्याशी खोटं बोलला, ही गोष्ट तिच्या मनात गाडीच्या चाकासारखी फिरत राहिली. एवढ्यात लेकरांनी नदी दिसल्याचा गिल्ला केला. पाचही जण आपणच आधी पाहिली म्हणून भांडायला लागले, आणि जानरावांनी पाचही जण जिंकल्याचं जाहीर करून टाकलं.

* * *

वैशाखात नदीचं पात्र नुसती वाळू असायचं, पण जांभळांच्या वळणावर डोहात छातीभर पाणी बारा महिने राहायचं. देवमननं डोहाकाठी सायकल आडवी केली होती आणि वाळूत डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी केलेल्या माणसाकडून दोन मोठी डांगरं आणून पाण्यात गार करायला ठेवली होती. बंडी आली तशी लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. पंजाबरावानं बैल सोडले, धोतर खोचलं आणि तोही शिरला. थोड्या वेळानं दोघे भाऊ लहानपणी मारायचे तशा बुड्या मारत होते आणि कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो हे लेकरं मोजत होती.

देवमन पाण्यावर उताणा पडला. वर जांभळाची फांदी होती, तिच्यातून ऊन येत होतं. नऊ वर्षं त्यानं याच दिवसाची वाट पाहिली होती. तांडा वाईट नव्हता, माणसं जीव लावणारी होती, पण पावसाळ्यात नाला चढला की पंधरा पंधरा दिवस घरचं कुणी दिसायचं नाही. आई गेली तेव्हाही तो वेळेवर पोचला नव्हता. आता दादाच्या शेजारी त्याचं घर असणार होतं. एका भिंतीच्या अंतरावर.

"गोवऱ्या फोडून द्या जरा," काठावरून वच्छलाचा आवाज आला. तिला गोवऱ्या स्वतः फोडता येत होत्या, हे देवमनला ठाऊक होतं. तो ओल्या अंगानं बाहेर आला आणि तिच्या मागोमाग जांभळाच्या आडोशाला गेला.

"वयनीले तुमी कवा विचारलं?" तिनं विचारलं.

देवमन गोवरी फोडायला लागला. "दादाले विचारलं."

"मी वयनीचं विचारून राह्यली."

"दादा म्हनला, मी सांगतो तिले. मंग ते झालंच ना एक."

"मले तुमी सांगतलं का त्या हो म्हनल्या. मी काल रातभर मनात त्याईचे उपकार मानून राह्यली होती. सकायी त्याईनं ते रेघ एकटीनं पाह्यली असन."

वर्गात खोटं बोललेलं पोरगं देवमनला लगेच ओळखू यायचं, ते खाली पाहायला लागायचं म्हणून. आपणही आता खालीच पाहतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "पन दुसरी जागा कुठी हाये? समोर रस्ता. इकडे बैलाईचा कोठा. तूच सांग."

"मले नाई मालूम. पन त्या वाफ्यावर बांधलेल्या खोलीत मी चूल पेटवनार नाई. हे मी आज सर्वाईसमोर सांगन." तिनं फोडलेल्या गोवऱ्या पदरात घेतल्या. "तुमाले तवा वाईट वाटू नये म्हनून पयले सांगून ठेवलं."

* * *

रोडगे विमलबाईच्या हातचे व्हायचे. जाडसर कणकेच्या छोट्या पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, एकीत एक मिटवून तिनं मुठीएवढे गोळे केले. गोवऱ्यांचा जगरा धगधगून निवत आला तेव्हा ते त्याच्यात पुरले. तोवर वच्छलानं तीन दगडांवर भाजी टाकली होती. लहान वांगी देठासकट, कूट, काळा मसाला आणि वरून मूठभर सांभार. भाजीचा वास डोहापर्यंत गेला आणि लेकरं न बोलावता बाहेर आली.

जानराव पळसाच्या पानावर जेवायला बसले. पहिला रोडगा फोडून त्यात तूप ओतलं की ते डोळे मिटून घ्यायचे, तसे त्यांनी मिटून घेतले. सत्तरी उलटली होती तरी दात शाबूत होते. दोन रोडगे त्यांनी कुणाकडे न पाहता संपवले. मग ताकाचा गडू तोंडाला लावताना त्यांना जाणवलं, की यंदा जेवणात काहीतरी कमी आहे. बोलणं कमी होतं. धाकटा मान वर करत नव्हता. थोरला उगीच बैलांकडे पाहत होता. धाकटी सून भाजी वाढताना नवऱ्याच्या पानापाशी थांबत नव्हती. फक्त थोरली सून नेहमीसारखी होती.

सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर विमलबाई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मामाजी, मले बोलायचं हाये. इथं बोलू का घरी?"

"इथं बोल. घरी शेजारी आयकतात."

"काल मांगच्या अंगनात दोन खोल्या आखल्या. मले कोणी विचारलं नाई, ते मी सोडून देतो. भाऊजी घरी येऊन राह्यले, त्याचा आनंद मले सर्वाईत जास्त हाये. वच्छला आल्यावर मले बोलाले मानूस भेटन. खोल्या पाह्यजेच. पन त्या मांगं नोको."

"दुसरी जागा कुठी हाये वयनी?" देवमननं विचारलं. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. "असती तं मी तुमच्या वांग्याले हात लावला असता काय?"

"हाये," विमलबाई म्हणाली. "कोठा."

पंजाबरावाच्या हातातला घास हातातच राहिला.

"सकायी मी हातानं मोजून आली. लांब तेवीस हात, रुंद अकरा. तुमी मांगं बावीस हात आखलं, इथं एक हात जास्तच हाये. बुडाले दगडी पाया हाये, तो मामाजीनं घातला, कुठी हलला नाई. टिनं काढून वावरात नेले का तिकडे बैलाईचा नवा कोठा उभा राह्यते."

"बैलं वावरात?" पंजाबराव म्हणाला. "तू काय बोलून राह्यली तुले समजते काय? बैल डोयासमोर लागतात. रातच्याले एखांदं सुटलं, एखांद्याले कायी चावलं, मी घरी झोपून राहू?"

"वावर घरापासून कितीक दूर हाये? बिडी संपाच्या आत मानूस पोचते."

"मी दोन्ही टाईम कडबा टाकाले तिकडे जाऊ?"

"मी दोन्ही टाईम हिरीवरून पानी आनतोच ना."

वच्छलानं भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "मामाजी, मी बी सांगतो," ती म्हणाली. घरच्या पुरुषांसमोर ती एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होती. "वाफ्यावर खोल्या झाल्या तं मी त्याच्यात राहानार नाई. याईले मी सांगून ठेवलं. मी तांड्यावरच बरी."

देवमननं बायकोकडे पाहिलं आणि मग भावाकडे. "दादा, मी वच्छलाले खोटं सांगतलं होतं का वयनी हो म्हनल्या. ते माह्यं चुकलं. आता तू म्हनशीन तसं."

सगळे जानरावांकडे पाहू लागले. कोठा त्यांचा होता. धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी तो बांधला होता, पक्क्या घराच्याही आधी. घर तेव्हा कुडाचं होतं आणि कोठा दगडी पायाचा. लोक हसले होते, की जानराव बैलांना माडी बांधतो. पण ते दिवस वेगळे होते. मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्या आळीनं सोडलं होतं, आणि गावाला आलेल्या त्या रागात कुणी कुणाच्या गंजीला काडी लावेल, कुणाचं जनावर सोडून नेईल याचा नेम नव्हता. त्यांनी तीन वर्षं हातात काठी घेऊन कोठ्याच्या दाराशी झोप काढली होती.

ते हे सगळं बोलले नाहीत. लेकरं बसली होती.

"म्या कोठा घरापाशी बांधला तो भेवानं," ते शेवटी म्हणाले. "कोणी सोडून नेईन म्हनून. कोणी नेले नाई. आता त्या भेवाले वीस वरसं झाले." त्यांनी पानातलं शेवटचं वांगं उचललं, देठ धरून खाल्लं. "माह्याकडून कोठा मोकळा हाये. पन बैलं पंजाबच्या हातचे हायेत. सांगाचं त्यानं."

पंजाबराव उठला. पानात अर्धा रोडगा तसाच होता. तो बैलांकडे गेला, त्यांचे कासरे सोडले आणि त्यांना डोहाच्या पलीकडच्या अंगाला घेऊन गेला.

"जाऊ द्या त्याले," जानराव म्हणाले. "डांगर फोडा."

* * *

विमलबाईनं नवऱ्याचं पान उचललं, त्यात एक नवा गरम रोडगा ठेवला, तूप ओतलं आणि पाण्याच्या कडेनं चालत पलीकडे गेली. पंजाबराव गुडघाभर पाण्यात उभा राहून बैलाची पाठ चोळत होता. मूठभर गवतानं, खांद्यापासून शेपटीपर्यंत, जसा तो रोज चोळायचा.

ती खडकावर बसली. पलीकडून डांगर फोडल्याचा आणि त्यावर लेकरांच्या झोंबाझोंबीचा आवाज आला.

"तू मले घरी सांगतलं असतं," तो म्हणाला. "सर्वाईसमोर काहून?"

"तुमी जागा मले सोडून सर्वाईत देल्ली. मंग मी बी सर्वाईतच बोलली."

तो बैलाच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"मी चौथीतून निंगलो," तो तिकडून म्हणाला. "आबाले एकाच्यानं वावर होत नव्हतं. देवमन हुशार होता, म्हनलं शिकू दे त्याले. ते मले कवा खुपलं नाई, खरं सांगतो. पन आता तो घरी येऊन राह्यला, शिकलेला, मास्तर. मले वाटलं, माह्या हातून त्याले कायी भेटावं. भावानं देल्लं असं वाटावं. देण्यासारखं घरात तेच दिसलं, मांगचं अंगन."

विमलबाईला हे नवीन होतं. अकरा वर्षांत त्यानं भावाबद्दल इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. तिला त्याच्याविषयी सकाळपासून जो राग होता, तो सगळा गेला नाही, पण सैल पडला.

"मंग द्या ना," ती म्हणाली. "मी नाई म्हनून नाई राह्यली. पन तुमी माह्यं देल्लं. तुमचं द्या. तवा ते भावानं देल्लं असं होईन."

पंजाबराव हात थांबवून उभा राहिला. बैलानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मले झोप नाई लागन त्याईच्याबिगर," तो म्हणाला. हे तो बायकोशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू शकला नसता.

"मालूम हाये. तुमी तिकडेच झोपत जा. उन्हायाभर तसेबी बाहेरच झोपता. मी सांजच्याले भाकर घेऊन येत जाईन. दोघं तिकडेच जेवू."

"दोघं?"

"लग्न झाल्यापासून आपुन दोघं बसून कवा जेवलो? तुमी मामाजीसंगं बसता, मी सर्वाईच्या मांगून. वच्छला हाये आता. एक टाईमचा सयपाक ते पाहीन."

पंजाबराव पाण्यातून बाहेर आला. ओले हात धोतराला पुसून तो तिच्या शेजारी खडकावर बसला. पान मांडीवर घेऊन त्यानं रोडगा फोडला, अर्धा तिच्यासमोर धरला. तिनं इकडे तिकडे पाहिलं. पलीकडे सगळे डांगरात गुंतलेले होते. तिनं तो घेतला.

"वांगे चांगले शिजले," तो खाता खाता म्हणाला.

"वच्छलानं केले. हात चांगला हाये तिचा."

बंडी जुंपताना पंजाबरावानं भावाला हाक मारली. "देवमन, लखीराम मिस्त्रीले उद्याच सांगावा धाड. पयले कोठ्याचे टिनं काढू. मिरगाच्या आत छत पडलं पाह्यजे." आणि देवमन काहीतरी बोलायला गेला, तेव्हा तो म्हणाला, "माह्याकडून हाये ते तुले. घे."

देवमननं मान हलवली. परतताना तो सायकलवर पुढं गेला नाही. सायकल बंडीला बांधून तो भावाच्या शेजारी दांडीवर बसला आणि गाव येईपर्यंत त्यानं बंडी हाकली. बैलांना त्याचा हात सवयीचा नव्हता, पण त्यांनी चालवून घेतलं.

* * *

आठ दिवसांत कोठ्याच्या छपराची टिनं आणि खांब वावरातल्या बाभळीखाली गेले. बैल गेले त्या पहिल्या संध्याकाळी लेकरं त्यांना पोचवायला मिरवणुकीसारखी गेली. जानरावांनीही आपली बाज तिकडे टाकायला सांगितली. घरात सिमेंटचा आणि विटांचा पसारा, वावरात निदान हवा तरी लागते, असं ते म्हणाले. मात्र संध्याकाळी विमलबाई भाकर घेऊन आली, की ते काठी उचलून शेजारच्या वावराच्या बांधावर कुणाशी तरी गप्पा मारायला निघून जायचे आणि दोघांचं जेवण होईपर्यंत परत यायचे नाहीत.

लखीराम मिस्त्रीनं उरलेल्या दगडी बुडावरून फिरून पाहिलं, टाचेनं दाबून पाहिलं. "पाया टनक हाये," तो म्हणाला. "पन अंदरची जमीन मऊ पडली. वीस वरसं मुतानं भिजली ते. हातभर काढून फेका आन् तिथं मुरूम भरा. नाई तं फरशी बसन."

देवमननं पहिली कुदळ मारली. खालून माती निघाली ती कोळशासारखी काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर आपोआप मोकळी होणारी. दोघा भावांनी घटकाभरात दारापाशी मोठा ढीग केला. पंजाबरावानं पहिली पाटी भरली आणि रस्त्याच्या कडेला टाकायला उचलली.

"तिकडे नोको," विमलबाई म्हणाली. ती पदर खोचून, दोन रिकाम्या पाट्या घेऊन उभी होती. तिच्या मागं वच्छला होती, तिच्याही हातात पाटी होती. "एक पाटीबी बाहेर जाऊ देऊ नोका. मांगं न्या."

पंजाबराव पाटी धरून तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं पाटीतल्या मातीकडे पाहिलं, आणि परत तिच्याकडे.

"हे माती तुले पाह्यजे होती," तो म्हणाला.

"दहा वरसापासून."

"मंग कवा बोलली नाई."

"बैलाईले उठवा, मले त्याईच्या खालची माती पाह्यजे, असं म्हनली असती तं तुमी मले माहेरी पोचवलं असतं."

देवमन कुदळीवर टेकून हसायला लागला. वच्छलानं तोंडाला पदर लावला. पंजाबराव हसला नाही, पण त्याला ते जड जात होतं.

"वांग्याले लागून टाकू काय?" त्यानं विचारलं.

"नाई. ताजी हाये, गरम पडन, मुळं जाळन. कोपऱ्यातल्या शेवग्यापाशी ढीग करा. दोन पानी पडू द्या, मंग मी पसरवीन. अर्धी वच्छलाच्या वाफ्यात जाईन."

"तिचा वाफा कोनता?"

"तो अजून व्हायचा हाये. न्हाणीच्या पलीकडे मुरूम हाये ना, तो सारा तिचा. दोन वरसं दगड वेचन, मंग होते." विमलबाईनं दोन्ही पाट्या त्याच्यासमोर ठेवल्या. "उन चढून राह्यलं. भरा जल्दी."

पंजाबरावानं पाट्या भरल्या, एक डोक्यावर घेतली आणि मागच्या अंगणाकडे चालू लागला. त्याच्या मागून दुसरी घेऊन देवमन निघाला.